पोरगं मामाकडे गेलंय

ढाक्याहून तपास अधिकारी केवडाबुनियात आले, तेव्हा सोहराबच्या चहाच्या टपरीवर नेहमीचीच मंडळी टेकली होती. लाँचमधून दोन साहेब उतरले. सोबत ठाण्याचा एक शिपाई, आणि तिघांचेही बूट चिखलानं भरलेले. थोरल्या साहेबांनी सोहराबला विचारलं, "इथं रझाकाराचं घर कुठलं?" प्रश्न सरळ होता, सोहराबनं उत्तरही सरळच दिलं. "कालव्यावरचा बांबूचा पूल ओलांडा. फणसाखालचं पत्र्याचं घर. पण आता गेलात तर झोपलेला असेल हं."

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाहत्तर साली पाकिस्तानी फौजेला घरं दाखवत हिंडणारा माणूस, ज्याचा माग काढत ते इतक्या लांब आले होते, तो या गावात फणसाखाली दुपारची झोप काढत होता! शिपायानं काठी सावरली. पूल ओलांडताना त्यांनी आणखी दोघातिघांना विचारून पाहिलं. प्रत्येकानं हसत हसत तेच घर दाखवलं. एक बाई तर थांबून कौतुकानं म्हणाली, "माणूस गुणी आहे हो. माझ्या लेकीच्या लग्नातली सगळी झंपरं त्यानंच शिवली."

अंगणात जयतून बिबी कोळंबी सोलत बसली होती.

"रझाकार घरात आहे का?" शिपायानं दरडावून विचारलं.

"आहे की," जयतून म्हणाली आणि आत तोंड करून ओरडली, "अहो मिनूचे बाबा, उठा! पोलीस आलेत न्यायला!" मग साहेबांकडे वळून म्हणाली, "न्या बाबांनो. इतकी वर्षं सांभाळला, आता तुम्ही सांभाळा."

दारात लेहाजुद्दीन हावलादार उभा राहिला. तो झोपला नव्हताच. विजयदिन तोंडावर आला होता, म्हणून आरशापुढे बसून तागाची नवी दाढी चिकटवून बघत होता. अर्धी दाढी हनुवटीला, अर्धी लोंबती, डोळ्यांना काळा चष्मा, कमरेला लुंगी. शिपायानं झडप घालून त्याचा दंड धरला. आता अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? लेहाजपुढे तीन प्रेक्षक उभे होते आणि तिघेही टक लावून बघत होते. त्याला राहवेना. त्यानं आपलं ते गाजलेलं हास्य सोडलं. शिपाई दंड सोडून दोन पावलं मागं झाला आणि कोळंबीच्या टोपलीत बसला.

हायस्कूलचे प्राणतोष मास्तर धोतर सावरत धावत आले, तेव्हा कुठे उलगडा झाला. तोवर जयतूननं हसून हसून पदर तोंडात कोंबला होता.

दर वर्षी सोळा डिसेंबरला शाळेच्या मैदानावर प्राणतोष मास्तरांचं नाटक व्हायचं. त्यात मुक्तियोद्धा व्हायला अख्खं गाव तयार. पोट लुंगीत मावत नसलेला सोहराबसुद्धा लाकडी बंदूक घेऊन पोटावर सरपटायचा हट्ट धरी. रझाकार व्हायला मात्र कुणी पुढं येईना. तो कलंक कोण अंगाला लावून घेणार? शेवटी बाजारात शिलाईचं यंत्र घेऊन बसणारा लेहाज म्हणाला, "मला द्या. भूमिका म्हणजे भूमिका." पहिल्या वर्षी नुसती टोपी आणि काठी होती, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं काळा चष्मा आणला. मग साडी नेसवलेल्या पेंढ्याच्या म्हातारीला लाथ मारणं आलं. आणि मग ते हास्य आलं. ते घडवायला त्याला बरेच हिवाळे लागले. पोटात सुरू व्हायचं, नाकातून वर यायचं, मध्येच थांबायचं, आणि सगळ्यांना वाटलं की संपलं, की पुन्हा सुरू व्हायचं. पोरं रडायची, बाया शिव्या द्यायच्या. एका वर्षी एका आजीनं चप्पल भिरकावली, ती नेमकी कानशिलावर बसली. ती चप्पल त्यानं घरी आणून फळीवर ठेवली. कुणी पाहुणा आला की जयतून म्हणे, "लोकांच्या घरात ढाली असतात, आमच्याकडे एक चप्पल आहे. डाव्या पायाची."

तेव्हापासून गावात त्याचं नावच रझाकार पडलं. बाजारात कुणीही हाक मारी, "काय रझाकार, वांगी कशी मिळाली?" मिनूच्या लग्नाआधी मुलाकडची माणसं गुपचूप चौकशीला आली होती. मुलीचा बाप कोण, म्हणून त्यांनी घाटावर विचारलं आणि उत्तर ऐकून आल्या लाँचनं परत गेली. प्राणतोष मास्तरांनी जावयाच्या गावी जाऊन सगळं समजावलं, तेव्हा लग्न झालं. मिनू अजून बापाला त्यावरून बोल लावते.

साहेबांना हे सगळं चहाबरोबर ऐकवून झालं. ते हसले, पण कामाला आले होते. "आम्हाला खरा हवाय," थोरले साहेब म्हणाले. "हातेम मातब्बर. उत्तरेकडच्या एका शहरात त्याचं कापडाचं दुकान आहे. हज करून आलाय, नातवंडं आहेत. तो म्हणतो, मी तो हातेम नव्हेच, केवडाबुनिया मी नकाशातसुद्धा पाहिलेलं नाही. खगेन अधिकारींना त्यानं घरातून नेलं ते बघितलेलं कुणी जिवंत आहे का?"

सगळे लेहाजकडे बघायला लागले. लेहाजनं हनुवटीवरची दाढी हळूच ओढून काढली.

"मी होतो," तो म्हणाला. "घराच्या ओट्यावर."

खगेन अधिकारी (अधिकारी हे आडनाव) म्हणजे त्या भागातल्या जात्रामंडळीचे, गावोगाव नाटकं करत फिरणाऱ्या मंडळीचे, मालक आणि गुरू. नावाडी म्हणायचे की अधिकारींनी या काठावर आरोळी दिली की त्या काठावरची गाय मान वर करते. आईबाप नसलेला लेहाज त्यांच्याकडे आला आणि त्यांच्या घरचाच झाला. आवाज फुटेपर्यंत तो मंडळीतल्या सगळ्या राण्या करी. रडण्याच्या प्रसंगात गळा काढला की अधिकारी मृदंगाच्या हातानं पाठीत एक ठेवून देत आणि म्हणत, "रडू डोळ्यांत राहू दे. गळ्यात आणलंस की प्रेक्षक हसतो, गाढवा."

लढाईच्या वर्षी मंडळी बंद पडली. कालव्यापलीकडच्या पेरूच्या बागांत मुक्तियोद्धे लपलेले असत. अधिकारींचा निरोप त्यांच्याकडे घेऊन जाणारं पोरगं म्हणजे लेहाज. हे हातेम मातब्बरच्या कानावर गेलं. भर दुपारी फौजेची होडी घाटाला लागली आणि पळायला वाटच उरली नाही. अधिकारींनी सोंगांची पेटी उघडली. लेहाजला पांढरी साडी गुंडाळली, केसांना तांदळाचं पीठ चोळलं, हातात अडकित्ता दिला आणि ओट्यावर बसवलं. "आता तू माझी आई," ते म्हणाले. "इतकी वर्षं शिकवलंय, आज दाखव."

हातेमनं येऊन विचारलं, "पोरगं कुठाय?" अधिकारी म्हणाले, "पोरगं मामाकडे गेलंय." लेहाजला मामा नव्हता. जगात कुणीच नव्हतं. हातेमनं खाटेखाली पाहिलं, भाताचा रांजण उलथून पाहिला, घामाघूम झाला आणि बाहेर येऊन ओट्यावरच्या म्हातारीकडे पाणी मागितलं. लेहाजनं दिलं. भीतीनं तोंडातून भलतंच एक वाक्य गेलं, त्या सोंगात न बसणारं. पण हातेमनं पाणी पिऊन तांब्या दोन्ही हातांनी परत दिला आणि अधिकारींना घाटाकडे घेऊन गेला. गोळीचा आवाज आला तेव्हा तांब्या अजून लेहाजच्या मांडीवरच होता.

हे पाण्याचं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, जयतूनलासुद्धा नाही. गुरूला मारायला आलेल्या माणसाची तहान आपण भागवली, हे तोंडानं बोलायचं कसं? आणि दुसरी गोष्ट आणखी वाईट होती. तो माणूस लाथ मारत नव्हता, हसत नव्हता. चारचौघांसारखा, आदबीनं वागला होता. मैदानावर आदबीचा रझाकार कोण बघणार? म्हणून लेहाजनं लाथ आणली, हास्य आणलं, आणि ते वाढवत नेलं. साहेबांनाही त्यानं एवढंच सांगितलं की मी ओट्यावर होतो, हातेम आला, अधिकारींना घेऊन गेला. साहेबांनी लिहून घेतलं, सही झाली.

समन्स आलं आणि गावाला जे भरतं आलं, ते काय सांगावं! लेहाजची साक्ष म्हणजे जणू गावचीच साक्ष. प्राणतोष मास्तरांनी शाळेच्या मैदानावर तालीम लावली. दोन बाकांचा पिंजरा झाला. न्यायाधीश सोहराब, अंगात बायकोचा काळा बुरखा. समोर निम्मं गाव. मास्तर हातवारे करत सांगत होते, "इथं हुंदका. इथं आकाशाकडे बोट. आणि अधिकारीमहाशयांचं नाव घेताना खाली बस, लेहाज, एकदम कोसळ!" लेहाज कोसळला. काय कोसळला! बायांनी पदर डोळ्यांना लावले. मग तो उठला, बोट रोखलं आणि सवयीनं ते हास्यही करून गेला.

सोहराबनं बुरखा वर करून नाक पुसलं आणि निकाल दिला, "आरोपी सुटला."

"काय?" मास्तर ओरडले.

"मी न्यायाधीश असतो तर म्हटलं असतं, हा माणूस उत्तम नट आहे. दुसऱ्या अंकाला पुन्हा बोलवा. पण ह्याच्या शब्दावर मी कुणाला कोंबडीचोरीतसुद्धा आत टाकणार नाही. लेहाजभाई, राग मानू नका."

सगळे खो खो हसले, लेहाजही हसला. पण घरी येऊन भात कालवता कालवता तो जयतूनला म्हणाला, "खरं बोलला तो. मी तोंड उघडलं की नाटक होतं. अधिकारींसाठी आता एकच माणूस उरलाय, आणि तो असला."

"मग नाटक करू नका," जयतून म्हणाली.

"आणि काय करू? दुसरं काय येतं मला?"

तिनं त्याच्या ताटात माशाचं डोकं वाढलं.

ढाक्याला साक्षीदारांच्या सोबतीला एकदोघांनाच जाता येतं, असं साहेबांनी बजावलं होतं. जयतून आणि मास्तर निघाले. पण सदरघाटावर लाँचमधून उतरून बघतात तर शेजारच्या लाँचमधून सोहराब उतरतोय, काखेत मुरमुऱ्यांचं बोचकं. म्हणाला, "कामानिमित्त आलोय." कसलं काम ते त्यानं आजवर सांगितलेलं नाही. कोर्टाच्या दारात तपासणी करणाऱ्या शिपायानं ते बोचकं उघडायला लावलं तेव्हा आत मुरमुरे, गूळ आणि लाकडी बंदूक निघाली. बंदूक का आणली, तर म्हणे नाटकाच्या सामानातून चुकून आली. त्याला बाहेरच बसवलं. दिवसभर तो रस्त्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मुरमुरे वाटत होता.

आत लेहाज घाबरला होता. पण खरं सांगायचं तर ती नुसती भीती नव्हती. उंच छत, रांगेत बसलेले लोक, समोर तीन न्यायमूर्ती, सगळे गप्प, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. इतकं चांगलं प्रेक्षागृह त्याला जन्मात मिळालं नव्हतं! त्याला गुदगुल्या होत होत्या आणि त्या गुदगुल्यांची लाजही वाटत होती. बाजूच्या काचेच्या पिंजऱ्यात, दार उघडं ठेवून, खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. पांढरी दाढी, पांढरी टोपी, हातात जपमाळ. दिवसच्या दिवस तो तोंडातून एक अक्षर न काढता बसून असे, असं शेजारच्या पोलिसानं सांगितलं. लेहाजनं आधी सरकारी वकिलांना, साहेबांनी लिहून घेतलं होतं तेवढंच सांगितलं. हुंदका नाही, बोट नाही. मागच्या बाकावर मास्तर अस्वस्थ होऊन मांडी बदलत होते.

मग आरोपीचे वकील उठले. गोड बोलणारे, हसतमुख, वयस्क गृहस्थ.

"हावलादारसाहेब, आपण मोठे कलावंत आहात असं ऐकतो."

"लोक म्हणतात, हुजूर." लेहाज फुलला.

"दर वर्षी आपण रझाकाराचं काम करता. त्यात तो म्हातारीला लाथ मारतो. ती लाथ आपण त्या दिवशी पाहिली?"

लेहाजनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण.

"नाही. लाथ माझी," लेहाज म्हणाला.

"काळा चष्मा?"

"बाजारातून आणला."

"आणि ते प्रसिद्ध हास्य?"

"तेही माझंच, हुजूर. फार मेहनत आहे त्यात."

कोर्टात खसखस पिकली. न्यायमूर्तींनी टेबलावर बोट वाजवलं. वकीलसाहेब मंद हसले. "मग हे जे माझे अशील बसलेत, यांचा चेहरा तरी आपला ओळखीचा आहे?"

लेहाजनं पिंजऱ्याकडे निरखून पाहिलं. नीट पाहिलं. दाढी, सुरकुत्या, जपमाळ. "शपथेवर नाही सांगता येणार," तो म्हणाला. "म्हातारपणी सगळ्यांचे चेहरे एकसारखेच होतात. माझाही झालाय."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. सरकारी वकील कागद चाळायला लागले. जयतून मात्र ताठ बसून होती.

"म्हणजे लाथ खोटी, चष्मा खोटा, हास्य खोटं, चेहरा आठवत नाही," वकीलसाहेब म्हणाले. "मग हावलादारसाहेब, यात खरं काय उरलं?"

"पाणी," लेहाज म्हणाला.

"काय?"

"पाणी खरं आहे, हुजूर. त्यानं पाणी मागितलं आणि मी दिलं."

आणि त्यानं सांगून टाकलं. पांढरी साडी, तांदळाचं पीठ, अडकित्ता, रांजण, तांब्या. हातवारे नव्हते, आवाज चढला नव्हता. आपल्याला एवढं साधं बोलता येतं याचं त्यालाच नवल वाटत होतं.

वकीलसाहेब पटकन पुढं झाले. "हे आपण तपास अधिकाऱ्यांना सांगितलं नव्हतं! आज इथं रचून सांगताय!"

"त्यांनी विचारलं, तू कुठं होतास. मी म्हटलं, ओट्यावर. काय नेसला होतास ते त्यांनी विचारलं नाही."

या वेळी एक न्यायमूर्तीही हसू दाबत होते. मग ते पुढं वाकले. "तुम्ही पाणी दिलंत तेव्हा काही बोललात?"

"बोललो, हुजूर. चूक झाली माझ्याकडून. मी हिंदू विधवा झालो होतो, आणि घाबरून माझ्या स्वतःच्या दादीचं, मुसलमानाच्या घरात पोरांना शिकवतात ते वाक्य बोलून गेलो. अधिकारी जगते तर त्यावरून त्यांनी मला झोडपलं असतं."

"काय वाक्य?"

लेहाज सांगायला गेला, पण त्याच्या आवाजात ते वाक्य येईना. ते ज्या आवाजातलं होतं त्याच आवाजात आलं, बारीक, घोगऱ्या, दात नसलेल्या बाईच्या. कोर्टात एक म्हातारी येऊन बसल्यासारखी बोलली.

"उभ्यानं पिऊ नको रे बाबा. बस. बसून पी."

पिंजऱ्यातली जपमाळ खाली पडली. इतके दिवस मुका बसलेला म्हातारा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धा उठला होता. त्याचं तोंड लाल झालं होतं, रागानं म्हणावं तर राग नव्हता. कुणीतरी आपल्याला हातोहात फसवलंय, हे माणसाला फार उशिरा कळावं तसं ते तोंड होतं.

"म्हणजे पोरगं घरातच होतं!" तो ओरडला. "मी रांजण उलथून बघितला! ओट्यावरच बसलं होतं!"

त्याचा वकील खाली बसला. टंकलेखकाची बोटं चालायला लागली. केवडाबुनिया नकाशातही न पाहिलेला माणूस आपलं वाक्य टिपलं जाताना ऐकत पुन्हा खुर्चीत टेकला.

बाहेर आल्यावर प्राणतोष मास्तर रस्त्यात मधोमध उभे राहून रडायला लागले, गळ्यातून, मोठ्यानं, जे अधिकारींनी कधी खपवून घेतलं नसतं. सोहराबला काय झालं ते कुणी नीट सांगेना, म्हणून तो आधी घाबरला आणि मग कळल्यावर त्यानं उरलेले सगळे मुरमुरे उधळले. रिक्षावाले ओरडायला लागले. लेहाज कठड्यावर बसून हसत होता. ते हास्य नव्हे, साधंच, आपलं. थांबता थांबेना. "जयतून," तो म्हणाला, "गाव मला रझाकार म्हणून नावाजतं. पण माझं खरं काम ती म्हातारी. एकच प्रेक्षक होता तिला, आणि त्याला आज कळलं."

जयतून त्याच्याकडे बघत राहिली. "इतकी वर्षं ही तांब्याची गोष्ट पोटात ठेवलीत?"

"लाज वाटायची. पाणी दिलं मी त्याला."

"तहानलेल्याला पाणी दिलंत. त्यानं पिऊन काय केलं, ते त्याचं," ती म्हणाली. मग तिला हसू फुटलं. "आणि मी समजत होते, मी रझाकाराशी लग्न केलंय. सासूशी केलं होतं होय!"

निकाल पावसाळ्यात लागला. न्यायाधिकरणानं हातेम मातब्बरला दोषी ठरवलं. गावानं मिठाई वाटली. लेहाज मात्र त्या दिवशी लाँचघाटावर जाऊन बसला होता, जिथं आता सुपारीची पोती उतरवतात. काय केलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "काही नाही. अधिकारींना सांगून आलो."

मग डिसेंबर आला. लेहाजनं काळा चष्मा आणि तागाची दाढी सोहराबच्या हाती ठेवली. सोहराबची बायको म्हणाली, आता आमच्या पोरींची लग्नं कशी व्हायची? पण सोहराबला आतून गुदगुल्या होत होत्या. मास्तरांनी नाटक नव्यानं लिहिलं, लाथ काढली, हास्य काढलं. ओट्यावरची म्हातारी नववीतल्या एका धीट पोरीला दिली. आणि खगेन अधिकारी, जे इतक्या वर्षांत या नाटकात कधी आलेच नव्हते, ते करायला लेहाज उभा राहिला. धोतर, कपाळावर टिळा, तोंडात पान.

दुपार कलती होती. मैदान भरलं होतं, शाळेच्या भिंतीवर पोरं बसली होती. सोहराब पोट सावरत आला, रांजण उलथला, तो खरोखरच फुटला, लोक हसले. मग त्यानं विचारलं, "पोरगं कुठाय?"

"पोरगं मामाकडे गेलंय," लेहाज म्हणाला.

मोठ्यानं म्हणाला, नदीच्या त्या काठाला ऐकू जाईल असं. पुढे सोहराबनं पाणी मागायचं होतं. पाणी प्यायचं, मग घाटाकडे न्यायचं. लेहाजला ते सगळं पाठ होतं. पण त्यानं सोहराबला बोलूच दिलं नाही.

"पोरगं मामाकडे गेलंय," तो पुन्हा म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, गळ्यात नव्हतं.

सोहराब गोंधळला. पडद्याआडून मास्तर हातातली वही हलवत कुजबुजले, "पुढचं! पाणी! पाणी माग!"

"हो, हो... मला जरा—" सोहराबनं सुरुवात केली.

"गेलंय म्हटलं ना मामाकडे!" लेहाजला आता उधाण आलं होतं. तो मंचभर फिरत होता, छाती पुढं, हात पसरलेले. "चांगला मामा आहे! मोठं घर आहे! तळ्यात मासे आहेत! पोरगं तिथं खातंय, पितंय, मोठं होतंय! लग्न करेल! मुलगी होईल त्याला! जा तू! नाही सापडायचं ते तुला!"

पुढच्या रांगेत जयतून उभी राहिली होती. भिंतीवरची पोरं ओरडायला लागली, "नाही सापडायचं! नाही सापडायचं!" सगळं मैदान ओरडायला लागलं. सोहराबनं मास्तरांकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, लेहाजच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यानं काळा चष्मा काढून खिशात घातला.

"बरं मग," तो पडेल आवाजात म्हणाला. "मी जातो." आणि गेला.

मास्तरांनी वही जमिनीवर आपटली. टाळ्या थांबेनात. मंचावर खगेन अधिकारी एकटेच उभे होते, जिवंत, आणि हसत होते.